ग्लुटेन-मुक्त पाकिटात ग्लुटेन येतं कुठून? (सीलिअ‍ॅक असणाऱ्यांसाठी तपशीलवार धागा)

चाळणबारीक (धागाकर्ता)

ग्लुटेन म्हणजे गहू, सातू (जव, बार्ली) आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतलं प्रथिन; सीलिअ‍ॅक आजारात त्याने आतड्याच्या अस्तराला इजा होते. ओट्स, ज्वारी, मका, सोयाबीन, मसूर यांत मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, तरी त्यांच्या पाकिटांत ते सापडतं. ते शिरतं कुठे, मोजताना निसटतं कसं आणि अडवायचं कुठे, एवढ्यापुरता हा धागा. निदान, एंडोस्कोपी, पथ्याचे प्रकार यांवर इथे चर्चा नको.

आधी आकडे. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारी संस्था) मानकात २००८ पासून ग्लुटेन-मुक्त म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम ग्लुटेन, अर्थात २० पीपीएम. अमेरिका, युरोपियन संघ इथेही हाच आकडा आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा नियम अधिक कडक: चाचणीत ग्लुटेन सापडताच कामा नये. २० हा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. २००७ साली कार्लो कतासी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज ५० मिग्रॅ ग्लुटेन ९० दिवस दिल्यावर आतड्याच्या अस्तराची हानी दिसली. १० मिग्रॅ घेणाऱ्या गटात एकंदरीत तशी दिसली नाही, पण त्या गटातल्याही एकाची लक्षणं परत आली. दिवसाला अर्धा किलो ग्लुटेन-मुक्त पदार्थ खाल्ले आणि सगळे अगदी २० पीपीएमवर असले, तर पोटात १० मिग्रॅ जातं. गणित इतकंच आहे.

१० मिग्रॅ ग्लुटेन म्हणजे गव्हाचं पीठ फार तर सव्वाशे मिलीग्रॅम. एका चिमटीतसुद्धा याहून जास्त मावतं.

आता खरी अडचण. अख्ख्या धान्यात ग्लुटेन मीठ पाण्यात विरघळावं तसं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ते दाण्यादाण्याने येतं. गव्हाचा एक दाणा साधारण ३५ ते ४० मिग्रॅचा, त्यात ग्लुटेन ३ ते ४ मिग्रॅ. म्हणजे एक किलो ओट्समध्ये गव्हाचे पाच-सहा दाणे आले की २० पीपीएम गाठलं. ओट्सचे दाणे किलोला पस्तीस-चाळीस हजार भरतात. त्यांतले हे पाच-सहा शोधायचे.

भेसळ किती असते याचा अंदाज म्हणून दोन अभ्यास. ट्रिशिया थॉम्पसन यांनी २००४ साली तीन ब्रँडांचे ओट्सचे १२ डबे तपासले, त्यांतले ९ डबे २० पीपीएमच्या वर होते आणि एक १८०० च्याही पुढे. २०१० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ग्लुटेन-मुक्त असा शिक्का नसलेली, पण मुळात ग्लुटेन नसलेली २२ धान्यं, बिया आणि पिठं तपासली. ७ नमुने २० च्या वर निघाले. सोयाबीनच्या एका पिठात २९२५ पीपीएम होतं. ‘यात गहू नाहीच, मग कशाला बघायचं’ हा विचार इथेच संपतो.

---

नवखा_वाचक

रिपोर्टवर ‘५ पीपीएमपेक्षा कमी’ लिहिलेलं असेल तर ते पाकीट निर्धास्त घ्यावं ना? की रिपोर्टलाच अर्थ नाही?

---

मोजमापी

@नवखा_वाचक, अर्थ आहे. फक्त तो नमुन्यापुरता आहे, पूर्ण पोत्याचा नाही. धागाकर्त्यांचंच उदाहरण पुढे नेतो.

समजा एका लॉटमध्ये किलोमागे गव्हाचे ५ दाणे आहेत. तुम्ही ४० ग्रॅम ओट्स वाटीत घेतले. त्या वाटीत सरासरी ०.२ दाणा येणार. दाण्याचा पाचवा भाग असा काही येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दर पाच-सहा वाट्यांमागे एकीत अख्खा दाणा येतो आणि बाकीच्या स्वच्छ असतात. ज्या वाटीत तो आला तिचं मोजमाप ८० पीपीएमच्या पुढे जातं. प्रयोगशाळेतही हेच होतं. कुणी ४० ग्रॅमचा नमुना पाठवला तर ८२ टक्के वेळा तो शून्याजवळ येणार आणि लॉट पास होणार.

असा लॉट ९५ टक्के वेळा पकडायचा तर नमुन्यात सरासरी ३ दाणे यायला हवेत, म्हणजे ६०० ग्रॅम धान्य लागतं. ते सगळं बारीक दळायचं, नीट मिसळायचं आणि मग त्यातून चाचणीसाठी पाव ग्रॅम काढायचं. दळण भरड राहिलं तर पाव ग्रॅममध्ये पुन्हा तोच जुगार. एकाच दळलेल्या नमुन्यातून दोन-तीन वेळा पाव ग्रॅम काढून आकडे फार वेगळे आले, तर दोष दळण्यात आणि मिसळण्यात आहे असं समजावं.

म्हणून उत्पादकाला विचारायचे प्रश्न वेगळे. रिपोर्टचा आकडा शेवटी विचारा. आधी हे: नमुना किती ग्रॅमचा, एका लॉटमधून किती ठिकाणांहून काढला, लॉट किती मोठा, आणि चाचणी अख्ख्या धान्यावर की पिठावर? ‘वर्षातून एकदा तपासतो’ असं उत्तर आलं तर तो रिपोर्ट भिंतीवर टांगण्यापुरताच.

पिठाची गोष्ट जरा सोपी. गव्हाचा दाणा दळला गेला की त्याचे हजारो कण होऊन पसरतात, त्यामुळे पिठाचा आकडा सरासरीच्या जवळ येतो. अख्खे दाणे, रोल्ड ओट्स, डाळी यांच्यात मात्र ही अडचण कायम.

---

भरडधान्य

गणित बरोबर, पण निष्कर्ष थोडा घाबरवणारा वाटतो. ८० पीपीएम ही तीव्रता झाली. पोटात गेलं किती? एक दाणा, म्हणजे साडेतीन मिग्रॅ. तेही सहा दिवसांतून एकदा. कतासींच्या अभ्यासातल्या रोजच्या १० मिग्रॅपेक्षा हे कितीतरी कमी आहे. मग पीपीएमकडे बघायचं की मिलीग्रॅमकडे?

---

मोजमापी

योग्य मुद्दा. आतड्याला पीपीएम कळत नाही, मिलीग्रॅम कळतं. म्हणून वरच्या ‘५ दाणे’ लॉटबद्दल मी फार घाबरणार नाही. पण दोन गोष्टी राहतात. एक, १० मिग्रॅ ही पूर्ण दिवसाची बेरीज आहे, एका वाटीची नाही. ब्रेड, पास्ता, सॉस, बाहेरचं जेवण यांचा वाटा त्यातच. दुसरी अधिक महत्त्वाची: भेसळ झालेला लॉट किलोमागे ५ दाण्यांवर थांबेलच असं नाही. ट्रकच्या कोपऱ्यात आधीच्या खेपेचं सातू उरलं असेल तर ते एका-दोन पोत्यांत एकवटतं. मग एका वाटीत चार-पाच दाणे येऊ शकतात, आणि लॉटची सरासरी तरीही छान दिसते. थोड्या प्रमाणातली सारखी भेसळ परवडते, एकवटलेली नाही.

उलटही बघा. शंभर पीपीएमच्या मसाल्याचा अर्धा ग्रॅम घातला तर पोटात जातं ०.०५ मिग्रॅ. त्याच तीव्रतेचं पीठ २०० ग्रॅम खाल्लं तर २० मिग्रॅ. ज्याची मात्रा मोठी तिथे कडक राहायचं. लोक नेमकं उलटं करतात. चिमूटभर मसाल्यावर तासभर चर्चा आणि रोजचं पीठ सुटं विकत घेतलेलं.

---

शेतबांध

ओट्सबद्दल भर घालतो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

भेसळ शेतातच सुरू होते. गहू किंवा सातू घेतलेल्या रानात पुढच्या हंगामात ओट्स पेरले की गळून पडलेला दाणा आपोआप उगवतो. त्यानंतर कापणी यंत्र, ट्रॉली, कोठार, उचल-पट्टा, ट्रक, गिरणी. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या धान्याची शिल्लक असते. कापणी यंत्राच्या आत तर दाणे अडकायला इतके कोपरे आहेत की नुसतं रिकामं चालवून ते साफ होत नाही.

बाजारात ग्लुटेन-मुक्त ओट्स दोन मार्गांनी येतात. पहिला प्युरिटी प्रोटोकॉल: शुद्ध बियाणं, आधीची काही वर्षं गहू, सातू, राय न घेतलेलं शेत, उभ्या पिकाची पाहणी करून परकी रोपं उपटणं, वेगळी किंवा पूर्ण साफ केलेली यंत्रं, वेगळी वाहतूक, वेगळी गिरणी. दुसरा मार्ग नेहमीचे ओट्स घेऊन यंत्राने निवडण्याचा: लांबी, जाडी, घनता आणि रंग यांवरून परके दाणे बाजूला काढायचे.

निवडणीत गहू बऱ्यापैकी निघतो, कारण तो आखूड आणि गोल. सातूचा दाणा मात्र आकाराने ओट्सच्या जवळ जातो आणि चाळणीला चकवतो. शिवाय निवडणीला आलेला मालच जास्त भेसळीचा असला तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी काही टक्के पुढे जाणारच. माझं मत: निवडणीचे ओट्स घ्यायचे तर कंपनी लॉटमागे किती नमुने तपासते हे उघड सांगणारीच घ्यावी. प्युरिटी प्रोटोकॉलमध्येही चाचणी लागतेच, पण तिथे ती खात्रीसाठी असते, भेसळ शोधून काढण्यासाठी नाही.

अवांतर: काही मोजक्या लोकांना शुद्ध ओट्समधलंच प्रथिन, अ‍ॅव्हेनिनसुद्धा चालत नाही. त्यांच्या बाबतीत भेसळ शोधत बसण्यात अर्थ नाही, ओट्स बंद करून डॉक्टरांशी बोलावं.

---

जातं_आणि_चाळणी

गिरणीबद्दल. ‘आधी दहा किलो तांदूळ दळून टाकतो, मग तुमचं दळतो’ हे आश्वासन सर्वत्र मिळतं. त्याने भेसळ कमी होते, संपत नाही. पीठ अडकतं ते दगडाच्या टाक्यांच्या खाचांत, वरच्या नरसाळ्याच्या सांध्यांत, पीठ उतरतं त्या कापडी नळीत आणि चाळणीच्या चौकटीखाली. कापडी नळी धुऊनही साफ होत नाही, ती वेगळीच हवी. पहिल्या पिठातून बरंच निघून जातं, पण अडकलेला थर सावकाश सुटत राहतो. कधी मधल्याच दळणात गठ्ठ्याने पडतो. त्यामुळे ‘टाकून दिलं तेवढं पुरे’ असा ठराविक किलोचा आकडा सांगता येत नाही.

शिवाय हवा. त्याच खोलीत गहू दळला जात असेल तर बारीक पीठ तासन्‌तास तरंगतं आणि सगळीकडे बसतं. दाबाच्या हवेने यंत्र ‘साफ’ करणं सगळ्यांत वाईट, कारण एका कोपऱ्यातलं पीठ दहा ठिकाणी जातं. ब्रश आणि चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, मग पूर्ण कोरडं करणं. घरगुती छोटी चक्की घेतली तर तिच्यात गहू कधीच नाही, एकदाही नाही. पाहुण्यांसाठी म्हणूनसुद्धा नाही.

---

एलायझा_पट्टी

चाचण्यांवर लिहितो, जरा तांत्रिक आहे.

प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे आर-५ प्रतिपिंडावरची एलायझा (प्रतिपिंडाच्या मदतीने प्रथिन मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी). ती गव्हातलं ग्लायडिन, सातूतलं होर्डीन आणि रायमधलं सेकालिन ओळखते. ही प्रथिनं (प्रोलामिन) मोजून त्यांना दोनने गुणायचं, ते ग्लुटेन. हा दोनचा गुणक अंदाजाचा आहे, आणि सातूच्या बाबतीत आर-५ प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा देते. म्हणजे सातूने बाटलेल्या ओट्सचा रिपोर्ट थोडा फुगलेला असू शकतो. चूक सुरक्षित बाजूला आहे, म्हणून तक्रार नाही.

चुका खालच्या बाजूने कुठे होतात ते महत्त्वाचं:

भाजलेल्या, बेक केलेल्या पदार्थांत प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधली जातात आणि नुसत्या अल्कोहोलमध्ये निघत नाहीत. म्हणून ‘कॉकटेल’ द्रावण वापरतात: पाव ग्रॅम नमुना, अडीच मिली द्रावण, ५० अंशांवर ४० मिनिटं, मग ८० टक्के इथेनॉल साडेसात मिली आणि तासभर हलवणं. ही पायरी गाळली की आकडा कमी येतो.

कोको, बकव्हीट (कुट्टू), लाल ज्वारी यांतले टॅनिन आणि पॉलिफेनॉल ग्लुटेनला पकडून ठेवतात. निष्कर्षणाच्या (अर्क काढण्याच्या) वेळी स्किम्ड दुधाची पावडर किंवा माशाचं जिलेटिन घातलं नाही तर खोटा ‘नाही’ मिळतो.

आंबवलेल्या किंवा तोडलेल्या प्रथिनांच्या पदार्थांत (सोया सॉस, बीअर, माल्ट अर्क) नेहमीची सँडविच एलायझा चालत नाही. तिला एकाच तुकड्यावर चिकटायला दोन जागा लागतात आणि तुकडे फार लहान झालेले असतात. तिथे स्पर्धात्मक एलायझा लागते, आणि तिचे आकडेही पूर्ण भरवशाचे नाहीत. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२० च्या नियमात अशा पदार्थांसाठी अंतिम मालाच्या चाचणीवर न विसंबता आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेन-मुक्त असल्याच्या नोंदी मागितल्या. ‘ग्लुटेन काढून टाकलेली’ सातूची बीअर सीलिअ‍ॅक असणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

नवखा_वाचक

घरी ग्लुटेन तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या चालतील का?

---

एलायझा_पट्टी

चालतील, मर्यादा माहीत असतील तर. ‘हो’ आलं तर विश्वास ठेवा. ‘नाही’ आलं तर तीन शंका घ्या.

पहिली, नमुना. पट्टीवर जाणारा घास एक ग्रॅमच्या आसपासचा, म्हणून आधी पाकिटातला मोठा हिस्सा दळून मिसळा. ग्राइंडर गव्हाला कधीही न लागलेला हवा. दुसरी, वर लिहिलेले कोको-बकव्हीटसारखे पदार्थ. तिसरी, अति ग्लुटेन. खूप जास्त ग्लुटेन असलं की प्रतिपिंडं आधीच भरून जातात आणि चाचणीची रेघ उमटतच नाही. पूर्ण गव्हाचं पीठसुद्धा ‘स्वच्छ’ दिसू शकतं. संशय असेल तर तोच अर्क दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा पट्टी लावा. काही पट्ट्यांवर या अतिभारासाठी तिसरी रेघ असते. ती पुसट झाली किंवा गेली तर ग्लुटेन जास्त आहे असं समजायचं. नियंत्रण रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) आली नाही तर ती पट्टी बाद.

---

ओलं_फडकं

स्वयंपाकघराकडे येऊ. सॅनिटायझर मारला, उकळत्या पाण्यातून काढलं, ‘आता निर्जंतुक झालं’ असं लोक सांगतात. ग्लुटेन जंतू नाही, ते मरत नाही. ते प्रथिन आहे, घासून आणि वाहून काढावं लागतं. एटीपी स्वॅबही इथे कामाचा नाही. तो अन्नाचे अवशेष एकूण दाखवतो, ग्लुटेन वेगळं ओळखत नाही.

क्रम असा: सुकं पीठ आधी ओलसर फडक्याने टिपायचं, झटकायचं नाही. कणकेचं भांडं आधी थंड पाण्यात भिजवून खरवडायचं. थेट गरम पाणी घातलं की स्टार्च चिकट होऊन थर बसतो. मग गरम पाणी, साबण आणि घासणी, मग वाहत्या पाण्याने धुणं. घासणी आणि फडकं वेगळं, आणि शक्यतो वेगळ्या रंगाचं. स्टील आणि काच अशी धुतली की विषय संपला. चाळणी, गाळणी, भेगा पडलेली लाकडी फळी, लाटणं, खोलवर ओरखडे पडलेलं नॉन-स्टिक यांच्यावर वेळ घालवू नका, वेगळे घ्या.

---

कढईवाला

टोस्टर राहिला. तो तर पहिला वेगळा घ्यायला सांगतात सगळे.

---

ओलं_फडकं

वेगळा असेल तर उत्तम, पण पैसे आणि जागा कमी असेल तर आधी दुसरीकडे बघा. सामायिक टोस्टरवर जे छोटे अभ्यास झाले त्यांत भाजलेल्या ब्रेडमध्ये ग्लुटेन २० पीपीएमच्या आतच राहिलं. त्याच धर्तीच्या चाचणीत गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच ग्लुटेन-मुक्त पास्ता शिजवला तर तो २० च्या वर गेला. शिजल्यावर वाहत्या पाण्याखाली धुतल्याने आकडा खाली आला. कारण सरळ आहे, पास्त्यातून स्टार्च आणि प्रथिनं पाण्यात उतरतात आणि ते पाणी नवा पास्ता शोषून घेतो. धुण्यावर विसंबू नका, पाणीच नवं घ्या.

तळणीचं तेल तितकंच वाईट. तेलात ग्लुटेन विरघळत नाही, आवरणाचे कण तरंगत राहतात आणि चिकटतात. उपाहारगृहांतल्या सामायिक तळणीतल्या फ्रेंच फ्राइजच्या एका तपासणीत चारांतला एक नमुना २० च्या वर निघाला. तळलेल्या प्रथिनाचं निष्कर्षण कठीण, त्यामुळे खरा आकडा याहून जास्त असण्याची शक्यता आहे. तेल गाळून घेणं हा उपाय नाही.

माझा क्रम विचाराल तर: तळणीचं तेल आणि पास्त्याचं पाणी, मग हवेतलं सुकं पीठ, मग लोणी-जॅमच्या बरणीत जाणारा चुरा लागलेला चमचा, आणि टोस्टर त्यानंतर.

---

कढईवाला

बरणीचं पटतं. चुरा दिसतो तरी. पिठाचं काय करायचं, घरात गहू असणारच बाकीच्यांसाठी?

---

ओलं_फडकं

ग्लुटेन-मुक्त पदार्थ आधी करून, झाकून, वरच्या फळीवर ठेवायचा; गव्हाचं काम नंतर. गव्हाचं पीठ खालच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात. पीठ ओतताना आणि चाळताना पंखा बंद. पंख्याच्या ओव्हनमध्ये दोन्ही एकाच वेळी भाजू नका, आणि उघड्या ताटलीत तर नकोच.

---

चाळणबारीक

लेबलांवर थोडक्यात, कारण त्यावर वेगळा धागा होईल. ‘गहू-मुक्त’ म्हणजे ग्लुटेन-मुक्त नाही, सातू आणि राय असू शकतात. माल्ट, माल्ट अर्क, ब्रूअर्स यीस्ट म्हणजे बहुतेक सातू. ‘अंश असू शकतात’ ही ओळ अनेक ठिकाणी ऐच्छिक असते, त्यामुळे ती नसणं हा काही पुरावा नाही. उलट गव्हापासून केलेलं ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांना विनाकारण घाबरू नका. प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ राहत नाही, म्हणून युरोपियन संघाने त्यांना अ‍ॅलर्जीनच्या यादीतून वगळलं आहे.

---

मसूरडाळ

शेवटी डाळींचा प्रश्न राहिलाच. मसूर आणि गहू-सातू एकाच रानात आलटून पालटून घेतात, त्यामुळे दाणे येतात. धुऊन काय जातं आणि निवडून काय जातं?

---

शेतबांध

धुतल्याने धूळ आणि पिठाचा थर जातो. गव्हाचा दाणा डाळीइतकाच जड, तो पाण्यात तळाशीच बसतो. त्यामुळे आधी कोरडं निवडायचं, मग धुवायचं. पांढऱ्या किंवा गडद ताटात (डाळीच्या रंगाच्या उलट) एका वेळी मूठभर पसरा, एका थरात. गव्हाच्या दाण्याच्या पोटावर उभी खाच असते, ती खूण. सातू लांबट आणि दोन्हीकडे निमुळता. सोललेल्या मसुरात ते चटकन दिसतात, अख्ख्या तपकिरी मसुरात वेळ लागतो. तुकडे झालेला गहू मात्र डोळ्यांना हमखास चुकतो. म्हणून एका पाकिटात दोन-तीन अख्खे दाणे सापडले तर तेवढे काढून बाकीची डाळ शिजवू नका, पाकीट घरातल्या इतरांना द्या आणि लॉट क्रमांक कंपनीला कळवा. डाळीचं पीठ घरी दळणार असाल तर निवडणी त्याआधीच, कारण दळल्यावर काढण्यासारखं काही उरत नाही.